मंडळीची सहल जुन्या गोव्याला न्यायची असेल तर

नाताळ उरकला की मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, पंचकमिटीच्या पुढच्याच बैठकीत कुणीतरी सहलीचा विषय काढतं. नुसती मौजमजा नको, काही बघावं, मुलांना काही कळावं, असं ठरतं आणि काम येऊन पडतं तरुण संघाच्या सेक्रेटरीवर नाहीतर संडे स्कूलच्या बाईंवर. ज्यांनी चाळीस माणसं घेऊन कधी प्रवास केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ठिकाणं तीन: पणजी, जुने गोवे आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतलं राशोल, ज्याला गोव्यातले लोक रायतूर म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. कमी ठिकाणं घ्या. गाडीवाले ‘एक दिवस उत्तर गोवा, एक दिवस दक्षिण गोवा’ असा कार्यक्रम हातात ठेवतात. त्यात जुन्या गोव्याला पाऊण तास मिळतो. तेवढ्यात बसमधून उतरायचं, एका चर्चसमोर फोटो काढायचा आणि परत बसमध्ये बसायचं, एवढंच होतं. ज्या शहरात ख्रिस्ती इतिहासातलं इतकं चांगलं आणि इतकं वाईट, दोन्ही घडलं, त्याला अख्खा दिवस द्यायलाच हवा. समुद्रकिनाऱ्याचा हट्ट होईल. एक संध्याकाळ मिरामारला द्या, ते पणजीतच आहे.

दिवस आणि वार ठरवणं

जानेवारीचा उत्तरार्ध सगळ्यात सोयीचा. पावसाळ्यात जांभ्या दगडावर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. मे महिन्यात उकाडा सोसवत नाही. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. फेब्रुवारीत कार्निव्हल असेल त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग.

संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. त्या काळात जुन्या गोव्यात भाविकांची रीघ लागते. तो सोहळाच बघायचा असेल तर जरूर जा, पण वास्तू निवांत बघणं तेव्हा होत नाही. इथे ठेवलेल्या या संताच्या अवशेषांचं, म्हणजे शवाचं, जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी असतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. ‘शव बघायला मिळेल’ या समजुतीनं कुणी निघणार असेल, तर त्याला हे आधीच सांगा. एरवी दिसते ती उंचावर ठेवलेली चांदीची पेटी.

वारही महत्त्वाचे आहेत. जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू असतात, तेव्हा पर्यटकांनी आत घुटमळणं बरं नव्हे. शिवाय आपल्या पाळकसाहेबांना रविवारच्या उपासनेला घरी परत पोचायचं असतं. म्हणून मला ही मांडणी पटते: मंगळवारी रात्री मुंबईहून निघायचं, बुधवारी पणजी, गुरुवारी जुने गोवे, शुक्रवारी राशोल, आणि शुक्रवारी संध्याकाळी मडगावहून गाडी. शनिवारी सकाळी माणसं आपापल्या घरी.

तिकिटं, खोल्या, पैसे

कोकणकन्या एक्स्प्रेस रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी करमळीला पोचते. जुन्या गोव्याला सगळ्यात जवळचं स्टेशन हेच. पणजीही तिथून लांब नाही. मनमाड, अहिल्यानगर, पुण्याकडच्या मंडळींना गोवा एक्स्प्रेस आहे. ती मिरजमार्गे घाट उतरून मडगावला जाते. त्या गाडीनं जाणाऱ्यांनी तिच्या वेळा बघून वरची मांडणी पुढेमागे करून घ्यावी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, हेही ध्यानात असू द्या.

आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे चाळीस माणसांचं काम घरबसल्या तुकड्यातुकड्यांनी करायला गेलात तर निम्मी पक्की आणि निम्मी वेटिंगवर, असं होऊन बसतं. मंडळीच्या लेटरहेडवर अर्ज आणि नावं-वयांची यादी घेऊन मोठ्या स्टेशनच्या आरक्षण कार्यालयात जा आणि गटाच्या तिकिटांची चौकशी करा. यादीतलं नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं. घरी सगळे ‘बेबीताई’ म्हणतात आणि आधारवर नाव वेगळं, असं प्रत्येक मंडळीत असतं.

राहायला पणजीत एकच लॉज घ्या, दोन ठिकाणी माणसं विभागू नका. खोल्या ठरवताना लिफ्ट आहे का आणि तळमजल्यावर किती खोल्या मिळतील, हे आधी विचारा. कमोडचं विचारायला लाजू नका. गुडघेदुखीच्या माणसाची अख्खी सहल त्यावर अवलंबून असते. दारू नको, हा नियम निघण्याआधी सर्वांसमोर सांगून टाका. तिथे जाऊन सांगितला तर भांडण होतं.

पैशांबद्दल जरा तपशिलात सांगतो. वर्गणी एकरकमी मागू नका, तीन हप्ते करा. चार-सहा घरं अशी असतात की ज्यांना यायचं असतं, पण पैशापायी ती ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणून सांगतात. पाळकसाहेबांना आणि खजिनदाराला अशी घरं ठाऊक असतात. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून थोडं जास्त घेऊन वेगळं ठेवा आणि त्या घरांकडे स्वतः जाऊन म्हणा, ‘काकू, तुमची जागा धरली आहे, पैशाचं मागाहून बघू.’ हे व्यासपीठावरून जाहीर करू नका आणि वहीत नावापुढे लिहू नका.

निघण्याआधीचे तीन रविवार

जे माहीत नाही ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून निघण्याआधी तीन रविवार, उपासनेनंतर अर्धा तास मागून घ्या.

पहिल्या रविवारी साधी हकिकत. आदिलशाहीतलं हे बंदर पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० रोजी जिंकलं. तो अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सणाचा दिवस होता, म्हणून पुढे इथलं कॅथेड्रल तिच्या नावानं बांधलं गेलं. फ्रान्सिस झेवियर, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा धर्मप्रचारक, मे १५४२ मध्ये इथे उतरला, दहा वर्षं पूर्वेकडे फिरला, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, आणि १५५४ मध्ये त्याचं शव गोव्यात आणलं गेलं. इतकं श्रीमंत शहर ओस का पडलं, हेही सांगा: साथीचे रोग आणि गाळानं भरत गेलेली नदी. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली.

दुसरा रविवार अवघड आहे आणि तो टाळू नका. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळत नाही म्हणून माणसांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, होतं. देवळं पाडली गेली, लोकांच्या घरातल्या चालीरीतींवर पहारा बसला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनाच त्याचा जाच सर्वांत जास्त झाला. सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून दगा करून मारलं. आपली तरुण मुलं हे कुठेतरी अर्धवट वाचतातच. मंडळीतल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलं तर त्यांना प्रश्न विचारायला जागा मिळते. ‘आपण ख्रिस्ती आहोत म्हणून हे झाकायचं’ असं मला कधीही वाटलेलं नाही. पापाची कबुली दर रविवारी देणाऱ्या माणसांना इतिहासाची कबुली जड जाऊ नये.

आणखी एक बोलणं याच दिवशी उरकून घ्या. आपल्या मंडळ्यांत बरेच जण प्रोटेस्टंट वळणाचे. संतांचे अवशेष, मूर्ती, मेणबत्त्या बघून ‘हे काय’ असा प्रश्न काहींना पडेल. तो इथे, आपल्या हॉलमध्ये विचारू द्या. तिथे पेटीसमोर कुणी गुडघे टेकून रडत असताना शेजारी उभं राहून वाद घालू नये. मिस्साला बसलात तर शांतपणे बसा. तिथला पवित्र कम्युनियन कॅथलिकांसाठी असतो, म्हणून आपण रांगेत न जाता जागेवर प्रार्थना करावी.

तिसरा रविवार राशोलसाठी राखा. त्याबद्दल खाली सांगतो.

बुधवार: पणजी

रात्रीचा प्रवास झालेला असतो, म्हणून दुपारपर्यंत कुणाला हलवू नका. ऊन उतरल्यावर चर्च चौकात जा. तिथलं पांढरंशुभ्र चर्च इमॅक्युलेट कन्सेप्शनचं: पहिलं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, १५४१ चं, मोठं चर्च १६१९ चं. समोरच्या नागमोडी पायऱ्या ज्यांना जमतील त्यांनी चढाव्यात. बाकीच्यांनी खाली बागेत बसावं, दृश्य खालूनच चांगलं दिसतं. वर टांगलेली मोठी घंटा मुलांना दाखवा आणि सांगा की उद्या आपण तिचं मूळ घर बघणार आहोत. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन धर्मसंघाच्या मठाची. मठ ओस पडल्यावर इकडे आली आणि १८७१ पासून या चर्चवर आहे.

मग फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या. घरं रंगीत आणि सुंदर आहेत, पण ती लोकांची राहती घरं आहेत. कुणाच्या ओट्यावर बसून, दारात उभं राहून फोटो काढू नका. चाळीस जणांनी एकदम न घुसता दहा-दहाच्या टोळ्या करा.

गुरुवार: जुने गोवे

टोळ्यांची पद्धत आज सर्वांत उपयोगी पडते. दहा माणसांमागे एक जबाबदार, प्रत्येकाला एक क्रमांक, आणि बस सुटण्याआधी एक ते चाळीस असे आकडे ओरडायचे. नावं पुकारण्यापेक्षा हे लवकर होतं आणि मुलांना आवडतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, डोक्याला टोपी किंवा पदर, पाण्याची बाटली. वेदीकडे पाठ करून फोटो नाहीत.

सकाळी उघडतानाच बॉम जेझस बॅसिलिकाला पोचा, कारण नंतर गाड्यांवर गाड्या येतात. बांधकाम १५९४ ला सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्चचं अर्पण झालं. बाहेरच थांबून दर्शनी भिंत नीट बघा. बाकीची चर्चं चुन्यानं पांढरी आहेत, हे मात्र उघड्या जांभ्याचं तांबूस आहे. पूर्वी यालाही गिलावा होता. विसाव्या शतकात तो काढला. वरच्या भागात ‘आय-एच-एस’ ही येशूच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत. संडे स्कूलच्या मुलांना ती शोधायला लावा. आतल्या उजव्या बाजूला झेवियरची समाधी. संगमरवराचं काम फ्लॉरेन्सच्या फोग्गिनीचं, तस्कनीच्या ड्यूकनं दिलेलं, इथे १६९८ मध्ये उभारलेलं. वरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच सोनारांची, त्याच्या साठएक वर्षं आधीची. लोकांची नजर थेट पेटीवर जाते. खाली चारही बाजूंना झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझमध्ये आहेत, ते बघायला सांगा.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. १५६२ ला सुरुवात, बांधून व्हायला १६१९ उजाडलं. दोन बुरुजांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो परत बांधला नाही, म्हणून इमारत एका खांद्यानं उभी असल्यासारखी दिसते. उरलेल्या बुरुजात ‘सोन्याची घंटा’ आहे. मुख्य वेदीवरच्या सोनेरी चौकटींत संत कॅथरीनचं आयुष्य कोरलेलं आहे.

शेजारच्या संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये माणसं वर छताकडे बघत चालतात. त्यांना खाली बघायला सांगा. पायाखालची जमीन थडग्यांच्या दगडांची आहे. दगडांवर घराण्यांची चिन्हं, पोर्तुगीज अक्षरं, झिजलेली सालं. एखाद्या दगडावर चिन्हातलं शिरस्त्राण अजून ठसठशीत असतं आणि नाव मात्र माणसांच्या पावलांनी पुसून गेलेलं असतं. इथे प्रत्येक टोळीनं एक साल वाचून आणायचं, असं काम द्या. मुलं अर्धा तास गुंततात. लागूनच पुरातत्त्वाचं संग्रहालय. दुपारच्या उन्हात ते बघा, म्हणजे सावलीही मिळते. तिथे व्हाइसरॉयांच्या तसबिरींच्या रांगा आहेत, आणि पोर्तुगीजांच्या आधीच्या गोव्यातल्या मूर्ती आणि शिळाही. दुसऱ्या रविवारी जे बोललो, ते इथे समोर दिसतं.

जेवणानंतर संत काजेतानचं चर्च, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर थिएटाइन धर्मसंघाच्या इटालियन धर्मगुरूंनी बांधलेलं. त्याच्या आवारात आदिलशाही वाड्याची दगडी चौकट उभी आहे. पुढे नदीकडे व्हाइसरॉयची कमान. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरायचा. तिथेच दिवाडी बेटाची फेरीबोट लागते. पायी जाणाऱ्याला भाडं नाही, आणि नदीतून मागे वळून बघितलं की झाडांमधून वर आलेली चर्चं दिसतात. तरुणांना तासभर जाऊन येऊ द्या.

चार वाजता, ऊन मऊ झाल्यावर, बसनं पवित्र टेकडीवर जा. चालत चढवू नका. ऑगस्टिनियन चर्चचे अवशेष मला जुन्या गोव्यात सगळ्यात मोलाचे वाटतात. शेहेचाळीस मीटर उंचीचा बुरुज, तोही अर्धाच उरलेला. पोर्तुगालनं धर्मसंघांवर बंदी आणल्यावर १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, मग छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. इथे जॉर्जियाच्या राणी केतेवानची गोष्ट सांगा. धर्म सोडायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये तिला इराणमधल्या शिराझमध्ये छळ करून मारलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष गोव्यात आणून या मठात ठेवले. पुढे मठच पडला आणि जागा हरवली. पुरातत्त्व खात्याला उत्खननात अस्थी सापडल्या, डीएनए तपासणीनं ओळख जुळली, आणि जुलै २०२१ मध्ये भारतानं त्या जॉर्जियाला सुपूर्द केल्या. संध्याकाळची छोटी प्रार्थना करायला इथली मोकळी जागा चांगली, फक्त आवाज बेताचा ठेवा. जवळच सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ज्यांच्या पायांत अजून बळ आहे त्यांनी ते बघावं.

शुक्रवार: राशोल

मराठी मंडळीनं गोव्यात जाऊन राशोल चुकवलं, तर मला खरंच वाईट वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या लोकांत राहिला, त्यांची भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिलं. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, त्यांच्या ओठांवर काहीतरी असावं म्हणून हे काम त्यानं केलं. ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण आपल्या लिपीचे खिळे नव्हते. चर्चमध्ये लोक तो गात. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही.

तिसऱ्या रविवारी हे सांगा आणि ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मिळवून दहा-बारा ओव्या निवडा. काना गावच्या लग्नाचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो, तो घ्या. वाचायला तरुणांपेक्षा एखाद्या आजींना सांगा. ज्यांनी जात्यावर ओवी म्हटली आहे त्यांच्या तोंडी ती लगेच बसते, आणि चार ओळींनंतर बाकीच्या बायका आपोआप सूर धरतात.

राशोलची सेमिनरी आजही चालू आहे, धर्मगुरू होऊ घातलेली मुलं तिथे शिकतात. त्यामुळे न विचारता बस नेऊन उभी करू नका. महिनाभर आधी पत्र पाठवा. असं काहीसं: ‘आदरणीय फादर रेक्टर, प्रभू येशूच्या नावात सलाम. आम्ही महाराष्ट्रातील एका मराठी मंडळीचे चाळीस सभासद अमुक तारखेला गोव्यात येत आहोत. फादर स्टीफन्स यांच्या स्मरणार्थ आपले चर्च पाहावे आणि क्रिस्तपुराणातील काही ओव्या वाचाव्यात अशी इच्छा आहे. आपल्या वर्गांना अडथळा होणार नाही अशी वेळ कळवावी.’ उत्तर आलं नाही तर फोन करा. परवानगी नाही म्हणाले तर मान्य करा आणि गावातल्या एखाद्या झाडाखाली ओव्या वाचा. नदीकाठचं गाव आहे, जागा मिळते. राशोलहून मडगाव जवळ, तरी स्टेशनला गाडीच्या तासभर आधी पोचा, कारण चाळीस माणसांचं सामान पुलावरून पलीकडे जायला वेळ लागतो.

ज्यांना एवढं जमणार नाही

काहींना तीन दिवस काढता येत नाहीत. त्यांनी एका दिवसात वसईचा किल्ला करावा. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आलेलं आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेलं हे शहर. वसईतच जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला. त्याच्या नावाचं चर्च किल्ल्यात आहे. नाशिककरांना सांगा, नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या मोहिमेतूनच आलेली आहे.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत हिशेब लावा. पावत्या एका पाकिटात, खर्चाचा एक कागद, आणि रविवारी उपासनेनंतर तो सूचनाफलकावर. पैसे उरले असतील तर ते काय करायचं हे खजिनदारानं एकट्यानं ठरवू नये, जे आले होते त्यांना विचारावं. आणि ज्या फादरांनी राशोलला दार उघडलं, त्यांना आभाराचं पत्र त्याच आठवड्यात टाका, सोबत ओव्या वाचतानाचा एक फोटो.